चौथ्या खिडकीतला माणूस

१

"होते हो! आत्ता होते इथे!"

जिना चढून आलेली बाई धापा टाकत होती. कमरेला सलूनचा काळा एप्रन तसाच, एप्रनवर कापलेल्या केसांचे बारीक तुकडे. फोनचा पडदा तिने समोर दिसेल त्याच्या नाकासमोर धरला. समोर नेमकी पंचनामेबाई होती.

पंचनामेबाई हे काही तिचं नाव नव्हे. एखादं सॉफ्टवेअर कोसळलं की ते का कोसळलं हे शोधून काढणं हा तिचा धंदा. त्यामुळे या क्षेत्रात तिला सगळे त्याच नावाने ओळखत. आज मात्र काही कोसळायच्या आधीच तिला बोलावलं होतं. शहरातल्या रुग्णालयांनी मिळून 'ओळख' नावाची वेबसाइट करून घेतली होती. ज्यांचं नावगाव कळत नाही अशा दाखल रुग्णांचे फोटो तिच्यावर येणार होते, म्हणजे घरची माणसं त्यांना शोधू शकतील. पायथन या संगणकभाषेत लिहिलेला तो प्रोग्राम आज पहाटेच लाइव्ह सर्व्हरवर चढवला होता, सकाळी खालच्या सभागृहात उद्घाटनाचा कार्यक्रमही झाला होता, आणि पहिला दिवस नीट पार पडतो की नाही ते पाहायला रुग्णालयांनी पंचनामेबाईला बसवलं होतं.

"कोण होते?" तिने विचारलं.

"माझे बाबा. परवा घरातून निघून गेले. विसरतात ते, पार स्वतःचं नावसुद्धा. आत्ता गिऱ्हाइकाचे केस कापता कापता मी यादी बघत होते. बाबा दिसले! फोटोवर बोट ठेवलं, तर म्हणे अशी नोंद नाही. मागे आले, तर यादीतूनच गायब!"

"फोटो नीट पाहिलात? चेहरा ओळखू आला?"

"चेहऱ्यावर पट्टी होती. अर्धा सुजलेला."

"मग ते तुमचेच बाबा कशावरून?"

बाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "कानामागचा कट माझा आहे, मॅडम. त्यांच्या उजव्या कानामागे जुनी खूण आहे, तिथे मशीन चालत नाही, कात्रीनेच उतरवावं लागतं. वीस वर्षं त्याच डोक्याचे केस कापतेय मी."

वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचा मोठा मालक तोवर बाहेर आला होता. सगळे त्याला थोरले म्हणत. त्याने फोन हातात घेऊन लांब धरला, डोळे बारीक केले आणि पडदा वरून खाली सरकवला. "इथे तर असं कोणी नाही, ताई. काळजीत माणसाला नाही ते दिसतं."

पंचनामेबाईने स्वतःच्या फोनवर यादी उघडली. पट्टीवाला माणूस नव्हता. पुन्हा उघडली. नव्हता. आणखी एकदा. नव्हता.

पुढच्या वेळी मात्र यादीच्या अगदी तळाशी, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी बांधलेला एक म्हातारा तिच्याकडे बघत होता.

२

"कॅशे असेल, फोनात साठलेलं जुनं पान," थोरले म्हणाले. "नाहीतर नेटवर्क. रीस्टार्ट मारा, विषय संपवा."

"सर्व्हरला कोणी हात लावायचा नाही," पंचनामेबाई म्हणाली. "पण त्याआधी माणूस. हा कुठल्या दवाखान्यात आहे ते साठवलेल्या मूळ माहितीत थेट पाहता येईल ना? सर्व्हर कोण बघतं?"

सर्व्हर बघत होते बुवा. टक्कल, गळ्यात मफलर, काम करताना गुणगुणायची सवय. आज मात्र ते गुणगुणत नव्हते. त्यांनी कीबोर्डवर बोटं चालवली आणि दोन मिनिटांत मान वर केली. "आहे. नोंद आहे. नदीपलीकडचं मोठं रुग्णालय, पुरुषांचा वॉर्ड."

पंचनामेबाईने तिथे फोन लावला. पलीकडून सिस्टरचा दमलेला आवाज आला. "तो पट्टीवाला? दोन दिवस झाले, कोणी आलं नाही. पलंग मोकळा करायला सांगितलंय. आज जी गाडी जातेय ना दुसऱ्या शहरातल्या निवाऱ्यात, त्यात बसवणार आहोत. गाडी भरायला घेतलीय."

"थांबवता येईल?"

"नातेवाईक समोर असल्याशिवाय मी कोणाच्या जिवावर थांबवू?"

सलूनवाल्या बाईने पुढचं ऐकलंच नाही. पिशवी तिथेच टाकून ती जिन्याकडे धावली. टेस्टिंग करणारी मुलगी उठली, पिशवी घेऊन तिच्यामागे गेली आणि रिक्षात बसवून परत आली. या मुलीला ऑफिसात भिंग म्हणत. समोरच्या इमारतीवरची पाटी ती खुर्चीतून वाचायची आणि दुसऱ्याच्या कोडमधला चुकलेला स्वल्पविराम चहा पिता पिता दाखवायची.

"आता रीस्टार्ट करू या ना," वहिनी म्हणाल्या. शोधाचा भाग त्यांनीच लिहिला होता. थोरल्यांची बायको म्हणून धाकटा दीर वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून अख्खं ऑफिस म्हणायला लागलं. "दुपारी एकदा रीस्टार्ट ठरलंच होतं. झालं असेल ना ते, बुवा?"

"नाही," बुवा म्हणाले. "थोरल्यांनी नको म्हटलं. आज पाहुणे वापरून बघतायत, हात लावू नका म्हणाले. पहाटे मी प्रोग्राम चढवला तेव्हा सुरू केला होता, त्यानंतर माझ्याकडून रीस्टार्ट नाही."

वहिनींच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं. त्यांनी ते उचललं नाही.

पंचनामेबाईने तेवढ्यात बुवांच्या मागे उभं राहून पडद्यावर बोट ठेवलं. "मग मला एवढंच सांगा. प्रोग्रामच्या चार प्रती चालू आहेत. कुठली प्रत कधीपासून चालू आहे?"

बुवांनी आज्ञा दिली. चार ओळी उमटल्या. बुवा त्या बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

चारपैकी एकही प्रत पहाटेपासून चालू नव्हती.

३

"सोपं करून सांगते," पंचनामेबाई थोरल्यांना म्हणाली. थोरले खोलीत येरझारा घालत होते, त्यांच्या बुटांचा आवाज सगळ्यांच्या डोक्यात जात होता. "जरा बसता का?"

"बसायला वेळ आहे का? उद्या पेपरात येईल!"

"म्हणूनच बसा. तिकीटघरात चार खिडक्या असतात, तसं समजा. आत चार कारकून. येईल त्या माणसाला मोकळ्या खिडकीवर पाठवतात. प्रत्येक कारकून कामावर बसताना भिंतीवरचा नियम एकदाच वाचतो आणि मग दिवसभर तोच पाळतो. मध्ये कोणी नियम बदलला तरी बसलेल्या कारकुनाला त्याचा पत्ता नसतो. पायथनचा प्रोग्राम सर्व्हरवर असाच चालतो. फाइल बदलली म्हणून चालू प्रत बदलत नाही."

"बरं, मग?"

"चौथा कारकून जरा दमला, म्हणजे प्रत जड झाली. सर्व्हरने आपणहून तिला उठवून नवी बसवली. ही गोष्ट जेवणानंतरची. त्या नव्या कारकुनाला बाबा दिसतात. बाकी तिघांना दिसत नाहीत. म्हणून ते कधी होते, कधी नव्हते. फोटोवर बोट ठेवलं की पुढचं पान दुसऱ्याच खिडकीवर जायचं, आणि तो म्हणायचा, अशी नोंद नाही."

भिंग पुढे सरकली. "म्हणजे भिंतीवरचा नियम आता बरोबर आहे, पण तिघांनी वाचला तेव्हा चुकीचा होता?"

"तेच. आणि ते तिघं बसले कधी? सकाळचा कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी. पहाटे बुवांनी बसवलेल्यांना कोणीतरी उठवलं, वेगळा नियम लावला आणि नवे बसवले."

"फाइल मी आत्ता पाहिली," बुवा हळूच म्हणाले. "तिच्यात वावगं काही नाही."

"सुरा धुऊन जागेवर ठेवलाय, बुवा. आता करा रीस्टार्ट. मला हवं होतं ते मी पाहिलं."

बुवांनी आज्ञा दिली. सगळ्यांनी आपापल्या फोनवर यादी उघडली. भिंग वरपासून मोजत गेली. मघापेक्षा यादी लांब झाली होती. एका म्हाताऱ्याला शोधायला निघालेल्या त्या खोलीत त्याच्यासह अकरा नवे चेहरे उघडले. कोणी डोळे मिटलेले, कोणी नळ्या लावलेले, एक आजी तर कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

अकराही जणांत एक गोष्ट सारखी होती. वयाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

थोरले बुवांकडे वळले. "सर्व्हरची चावी, म्हणजे पासवर्ड, कोणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"आणि कोणाकडे?"

"कोणाकडे नाही."

"कार्यक्रमाच्या दिवशीच लाइव्ह करू नका, म्हणून माझ्याशी भांडलं कोण?"

"मीच."

"'मग बघा काय होतंय ते', असं म्हणालात की नाही?"

बुवांनी मफलर काढून मांडीवर ठेवला. "म्हणालो."

"मग आता मी बघतोच. उद्यापासून येऊ नका."

बुवांनी वाद घातला नाही, सफाई दिली नाही. लॅपटॉप मिटला आणि उठले. पंचनामेबाईला या सगळ्यात तेवढंच खटकलं. निर्दोष माणूस ओरडतो, दोषी माणूस कारणं देतो. हा माणूस नुसता खिडकीबाहेर बघत होता, जणू दुसऱ्याच कोणाची काळजी त्याला लागली होती.

४

तिने थोरल्यांकडून तासाभराची मुदत मागून घेतली आणि छोट्या मीटिंग रूममध्ये एकेकाला बोलावलं.

पहिल्या वहिनी.

"मी कार्यक्रम संपेपर्यंत खाली सभागृहातच होते. स्वागताचं भाषण माझंच होतं. हे आणि मी, दोघंही व्यासपीठावर होतो. शंभर माणसांनी पाहिलंय."

"मान्य. पण पहाटेची फाइल आणि आत्ताची फाइल यांत एका ओळीचा फरक आहे. 'वय नसेल तर माहीत नाही असं लिहा.' ती ओळ तुम्ही कार्यक्रमानंतर पाठवलीत."

"फाइल पाठवायची सोय माझ्याकडे आहे. सुरू करायची चावी बुवांकडे. पाठवली, खबरदारी म्हणून."

"कोणी सांगितलं होतं, वय नसलं तर काही बिघडतं म्हणून?"

"कोणी नाही. सहज सुचलं."

"भाषण झालं, पाहुणे जेवायला बसले, आणि तुम्हाला सहज सुचलं?"

वहिनींनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. "आम्हा बायकांना सुचतं अशा वेळी. गॅस बंद केला का, दाराला कुलूप लावलं का…"

दुसरी भिंग. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"मी मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं, रिकाम्या वयाची चाचणी राहिलीय म्हणून. थोरले म्हणाले, वय कोण रिकामं ठेवतं? आमच्या चाचणीतल्या सगळ्या माणसांना वय होतं ना! खऱ्या माणसांना नसतं. बेशुद्ध माणूस वय सांगेल कसं? यादी वयोगटाने लावतात. एक जरी वय रिकामं आलं तर अख्खं पान पडेल, हे मला आधीच दिसत होतं."

"पडलं का?"

"मी पाहिलं तेव्हा चालू होतं. रुग्णालयांनी खरी माहिती भरायला घेतली, तेव्हा मी वरच होते, पण माझ्या खोलीत प्रमाणपत्रं छापत होते."

"बुवांच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"बुवांना खालून हाक आली, सभागृहातला पडदा लागेना म्हणून. लॅपटॉप उघडा टाकूनच पळाले. कोण गेलं ते नाही पाहिलं. पण परत आले तेव्हा स्वतःशीच बोलत होते, 'अक्षरं कोणी एवढी फुगवून ठेवली?' मग दोनदा बटण दाबून लहान केली."

तिसरे बुवा. पंचनामेबाईने अक्षरांचं विचारताच ते पहिल्यांदाच चिडले.

"कसली अक्षरं? त्या पोरीला काहीही ऐकू येतं."

"लॅपटॉपला कोणी हात लावला होता का?"

"नाही."

"बुवा, खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. कान लाल होतात."

बुवांनी मफलर कानांवरून गुंडाळला.

शेवटी आला थोरल्यांचा धाकटा भाऊ. वेबसाइटचं रंगरूप तो ठरवायचा. धाकटा आला, खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. त्याच्या चष्म्याच्या काडीला पांढरी चिकटपट्टी होती.

"हे काय झालं?"

"सकाळी खाली खुर्च्या लावताना मोडला. पाहुणे येईपर्यंत मग तसाच वर येऊन बसलो. दिवसभर धावपळ, चिकटवायलासुद्धा कार्यक्रम संपेपर्यंत फुरसत नाही. प्रमुख पाहुण्यांना मी आपले ड्रायव्हरकाका समजून गाडीची चावी दिली, एवढा आंधळा झालो होतो."

तो हसला. पंचनामेबाईही हसली. मग तिचा फोन वाजला. नदीपलीकडच्या रुग्णालयातून सिस्टर बोलत होती.

"मॅडम, तुमची ती बाई अजून आली नाही, आणि गाडी सुटली."

५

पंचनामेबाईने सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. कोणी बसलं नाही. पंखा करकरत होता आणि प्रत्येकाचं लक्ष एकमेकांच्या फोनकडे होतं.

"गाडी सुटलीय," तिने सांगितलं. "सलूनवाली बाई फोन उचलत नाहीये. तोवर मी जे कळलं ते सांगते, कारण बाकीच्या दहा जणांसाठी आपल्याला सगळ्यांचे हात हवेत. एकमेकांवर डोळे वटारत बसलो तर ते व्हायचं नाही."

थोरले म्हणाले, "कळायचं काय राहिलंय? चावी बुवांची."

"बुवांनी हे केलं असतं तर दुपारी सर्व्हरसमोर बसून, मी विचारलं म्हणून, प्रती कधी सुरू झाल्या ते त्यांनी मला दाखवलं नसतं. बोटाच्या एका टिचकीत रीस्टार्ट करून मोकळे झाले असते. पुरावा पुसायला तुम्ही स्वतः त्यांना सांगत होता. चारी ओळी पाहून त्यांचा चेहरा उतरला, कारण तेव्हाच त्यांना कळलं की त्यांच्या माघारी कोणीतरी बसलं होतं. आणि कोण बसलं होतं, तेही कळलं."

बुवा खिडकीकडे वळले.

"झालं ते असं. रुग्णालयांनी खरी माणसं भरली, त्यांत अकरा जणांना वय नव्हतं. पान पडलं. पाहुणे दारात, सभागृहात मोठा पडदा, त्यावर दिसणार फक्त चूक झाल्याची पाटी. वरच्या मजल्यावर असलेल्या कोणीतरी ते पाहिलं. बुवा खाली. लॅपटॉप उघडा. त्या माणसाने फाइलीत एक ओळ घातली की वय नसलेल्यांना दाखवू नका, आणि प्रोग्राम नव्याने सुरू केला. पान उभं राहिलं. कार्यक्रम झकास झाला."

"मग ती ओळ गेली कुठे?" भिंगने विचारलं.

"वहिनींनी पुसली. त्यांच्या दुरुस्त फाइलीखाली ती झाकली गेली. वहिनी, रोग कोणी सांगितला नाही म्हणता, मग औषध आलं कुठून? तुम्हाला कोणीतरी सांगितलं. तुम्ही चांगलं औषध दिलंत, फक्त ते दुपारच्या रीस्टार्टला पोटात जायचं होतं. थोरल्यांनी रीस्टार्टच रद्द केलं. बुवांनी ते सांगितलं आणि तुमच्या हातातलं पेन पडलं."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर जमिनीवर होती.

"आता तो माणूस कोण? तुम्ही दोघं नवराबायको शंभर माणसांसमोर होता. राहिले वरच्या मजल्यावरचे दोघं. त्या माणसाने बुवांच्या पडद्यावरची अक्षरं मोठी केली, म्हणजे बारीक अक्षरं त्याला दिसेनात. भिंगला रस्त्यापलीकडची पाटी वाचता येते." पंचनामेबाई वळली. "आणि सकाळी इथे एकाच माणसाचा चष्मा मोडलेला होता."

धाकट्याचा हात नकळत चिकटपट्टीकडे गेला.

"वेडेपणा आहे!" थोरले ओरडले. "हा रंग भरतो! याला सर्व्हरमधलं काय कळतं?"

"मी शिकवलं त्याला," बुवा खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "मला ताप आला होता तेव्हा. फोनवरून. फाइल बदल, मग ही आज्ञा दे, बास. पोरगं लगेच शिकलं. मला फार कौतुक वाटलं होतं."

६

धाकट्याने चष्मा काढून हातात घेतला. मग एकदम बोलला.

"दादा, तू मला मारून टाकलं असतंस. पान पडलं होतं आणि खाली तुझा आवाज ऐकू येत होता, 'माझ्या धाकट्याने काय रूप दिलंय बघा' म्हणून. मला वाटलं, अर्धा तास. फक्त अर्धा तास ही माणसं दिसली नाहीत तर कोणाचं काय जातंय? जेवणाच्या वेळी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, मी करते नीट, यांना कळू देऊ नकोस."

"आणि नीट झालंच असं मी समजत होते," वहिनी म्हणाल्या. "ती बाई आली तेव्हासुद्धा मला वाटलं, हा दुसराच काही घोळ असेल. रीस्टार्ट झालं नाही हे कळलं तेव्हा… तेव्हा मी बोलायला हवं होतं. बुवांना कामावरून काढलं तेव्हा तर नक्कीच. जीभच उचलेना."

थोरले खुर्चीवर बसले. दिवसभरात पहिल्यांदाच. आवाज काढला तेव्हा तो त्यांचा वाटेना.

"बुवा, तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? लॅपटॉप उघडा मीच टाकला. आणि तुमच्या घरातला कोण खरा, कोण खोटा, ते ठरवायला मी कोण?"

"तुम्ही उद्या या. म्हणजे… या हो. मी विनंती करतो."

बुवांनी उत्तर द्यायच्या आत पंचनामेबाईचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडे गाड्यांचे भोंगे आणि सलूनवाल्या बाईचा चिरका आवाज.

"सापडले! पुलावर समोरून रुग्णालयाची गाडी येताना दिसली. मी रिक्षातून उतरून मधोमध उभी राहिले. ड्रायव्हर शिव्या घालतोय, घालू दे. बाबा माझ्याशेजारी बसलेत. मला विचारतायत, 'तुमचं कोण हरवलंय?' मी म्हटलं, आता कोणी नाही."

भिंगने डोळे पुसले. थोरल्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. क्षणभर त्या खोलीत कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं.

"दहा उरले," पंचनामेबाई म्हणाली. "प्रत्येक दवाखान्यात फोन करायचा. माणूस तिथेच आहे ना, कुठे हलवलाय का, एवढं विचारायचं. वाटून घ्या."

धाकट्याने सगळ्यांत आधी फोन ओढला. तो एकेक करून विचारत गेला. एक मुलगा तिथेच होता. एका बाईला शुद्ध आली होती, नाव सांगत होती. एक जण वॉर्डात पत्ते खेळत होता. फोनगणिक धाकट्याचा आवाज मोकळा होत चालला.

मग तो एका ठिकाणी थांबला. "कोण, त्या हसणाऱ्या आजी?" त्याने पलीकडचं ऐकलं. "कधी?" पुन्हा ऐकलं. मग फोन खाली ठेवला.

"त्या गेल्या," तो म्हणाला. "दुपारी. जेवणानंतर."

कोणाला काही सुचायच्या आत वेबसाइटच्या मदत क्रमांकावर कोणाचा तरी फोन आला. जवळ धाकटाच होता.

"नमस्कार," एक पुरुषी आवाज घाईघाईने म्हणाला. "सकाळपासून बघतोय, आत्ता दिसली. माझी आई आहे ती, हसतेय बघा फोटोत. तिला कुठे ठेवलंय तेवढं सांगता का?"

७

थोरले म्हणाले, मी जातो, मी मालक आहे. वहिनी म्हणाल्या, आपण सगळे जाऊ.

"मी त्यांना तिथे यायला सांगितलंय," धाकटा म्हणाला. "मीच जाणार."

रुग्णालयाच्या जिन्याशी तो माणूस उभा होता. चाळिशीचा, उंच, अंगात कुठल्याशा कारखान्याचा निळा गणवेश. काखेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बाईमाणसाच्या चपलांचा नवा जोड.

"तुम्हीच फोनवर होता ना? अनवाणी निघाली होती घरातून," तो म्हणाला. "वाटेत घेतल्या. कुठला मजला?"

धाकटा त्याच्यासमोर उभा राहिला. इथवर येईपर्यंत त्याने वाक्यं जुळवली होती, आता त्यातलं एकही आठवेना.

"दादा, तुमची आई गेली. आज दुपारी."

माणसाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दुपारी? पण मी सकाळपासून बघत होतो. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून बघत होतो. सकाळी नव्हतीच ती यादीत."

धाकट्याला एवढंच म्हणता आलं असतं, की हो, सकाळी नव्हती. समोरच्या माणसाने मान हलवली असती. हे कोणाला कधी कळलंही नसतं.

"होती," धाकटा म्हणाला. "मी लपवली. पान नीट दिसावं म्हणून मी अकरा माणसं लपवली, त्यात त्या होत्या. मी तसं न करता वेळीच सांगितलं असतं तर तुम्हाला सकाळीच दिसल्या असत्या."

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. हात उचलेल असं वाटलं. धाकटा हलला नाही. जिन्यावरून वर-खाली जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते.

"तिच्याजवळ कोणी होतं का?" शेवटी त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मग चल वर," तो माणूस म्हणाला. "विचारू."

आणि तो जिना चढायला लागला. धाकटा त्याच्या मागून एक पायरी सोडून चालत राहिला. पहिल्या वळणावर त्या माणसाचा तोल गेला, हात कठडा शोधत हवेत फिरला. धाकट्याने पुढे होऊन त्याचं कोपर धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.